कापडाची कंबर

सुतार दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा सासूबाई मागाच्या पुढच्या रुळावरून विणलेले कापड सोडवत होत्या. अर्ध्यावरचे कापड उलगडून पाहायचे नाही, हा त्यांचाच नियम. पण आज माग कायमचा उतरवायचा होता. सुनेने तसे ठरवले होते आणि सुताराला निरोपही तिनेच धाडला होता.

"आई, राहू द्या हो. टाकून द्यायच्या कापडाचं काय बघायचं?" सून खिडकीशी पाठमोरी उभी होती. वय एक्कावन्न, त्यातली सव्वीस वर्षे या मागावर. "माझं डोकंच ठिकाणावर नाही, तर हात कुठून असणार? परवा विणता विणता हातातला धोटा भिंतीवर फेकला मी. उद्या माणसाला मारीन."

"मारशील तेव्हा बघू. नेम मात्र नीट धर," असे म्हणून सासूबाईंनी रूळ फिरवला.

कापड फरशीवर उतरले आणि उलगडत थेट सुताराच्या वहाणांपर्यंत गेले. सुतार दोन पावले मागे सरला. सासूबाईंची नजर कापडाच्या काठावरून चालत गेली, अडखळली आणि परत आली. आरंभीचे हातभर कापड फुटपट्टीसारखे सरळ होते. पुढे आडवा धागा जास्त आवळल्याने काठ आत ओढला गेला होता, कापडाला जणू कंबर आली होती. मग पुन्हा सरळ. मग पुन्हा कंबर.

"आजी, माग उतरवू की परत जाऊ?" सुताराने विचारले. या घराची दारे-खिडक्या करता करता त्याचेही केस पांढरे झाले होते.

"चार खिळे तोंडात धर आणि उभा राहा. म्हणजे बोलता येणार नाही."

सासूबाई गुडघ्यांवर बसल्या. गेल्या तीन वर्षांत त्यांना जमिनीवर बसलेले कोणी पाहिले नव्हते. काठाला लाल दोरे होते. दिवसाचे काम संपले की एक दोरा बांधायचा, सुट्टीच्या दिवशीही बांधायचा, अशी त्यांनीच सुनेला लावलेली शिस्त. आवळलेल्या भागावर बोट ठेवून त्या दोरे मोजू लागल्या.

"...दहा, अकरा, बारा. इथं सुटलं." पुढचा सरळ भाग अठरा दोऱ्यांचा भरला. दुसरी कंबर आली. "बारा! सूनबाई, इकडे ये. तिसरी तू मोज. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही."

सून कंटाळून वाकली. मोजता मोजता तिचा आवाज बारीक झाला. "बारा."

"काय खातेस तू बारा दिवस?"

सून आत गेली आणि औषधाचे पाकीट घेऊन आली. "पाळी जातानाच्या त्रासावर दिलेलं इस्ट्रोजेनचं जेल रोज लावते. त्यानं अंगातल्या वाफा थांबल्या, झोप आली. ही प्रोजेस्टेरॉनची गोळी महिन्यातले बारा दिवस घ्यायची. गर्भाशयाच्या अस्तराला जपायला." ती कापडाकडे बघत राहिली. "चार महिने झाले... आई, मला वाटलं, मीच अशी झाले."

"अठरा दिवस अशी नसतेस ना? मग बारा दिवस कशी होशील?" सासूबाईंचा आवाज चढला होता आणि त्यांना तो आवरायचाही नव्हता. "आणि मी सगळ्यांना सांगत होते, हिच्या हाताला शिस्त राहिली नाही! अगं, बिघडलीस तीसुद्धा दिवस मोजून बिघडलीस. एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही!"

सून हसली. हसता हसता तिने तोंडावर पदर धरला. मग पाकिटावर मूठ आवळली. "फेकूनच देते ही गोळी."

"खबरदार! जेल चालू असताना ती मनानं सोडायची नाही, असं डॉक्टरीणबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. पुढं काय म्हणाल्या?"

"सोसली नाही तर बदलता येईल. दुसरी देता येते, दुसऱ्या वाटेनं देता येते. पण आधी रोजच्या त्रासाची नोंद आणा म्हणाल्या." सुनेने मान खाली घातली. "वही आणली होती. एक ओळ लिहवली नाही. त्या दिवसांत पेन हातात धरवत नाही मला."

सासूबाईंनी फरशीवर पसरलेल्या कापडाकडे पाहिले. मागाजवळच्या टोकाला चौथी कंबर सुरू झाली होती. त्यांनी तीही मोजली. नऊ.

"माग उतरवायचं कधी ठरवलंस?"

"परवा."

"म्हणजे याच कमरेतल्या आठव्या दोऱ्याला." त्यांनी सुताराकडे वळून पाहिले. "खिळे काढ तोंडातले. आलाच आहेस तर मागाची ही डावी पायपट्टी करकरते, ती नीट बसवून दे. अजून पुष्कळ चालायची आहे."

सुताराने खरोखरच तोंडात धरलेले खिळे मुकाट्याने हातावर काढले.

"सूनबाई, कात्री आण."

"आई! अर्ध्यावर कापायचं?"

"डॉक्टरीणबाईंनी नोंद मागितली आहे ना? हीच नेऊ. मागावर उरलेले उभे धागे त्यांच्याकडून आल्यावर पुन्हा बांध."

कात्री आली. कापड सुटून सासूबाईंच्या मांडीवर आले. सून घाईने त्याची घडी घालू लागली, तशी त्यांनी तिच्या हातावर चापट मारली.

"अशी नव्हे. आवळलेला काठ वर ठेव. त्यांना वाचता आला पाहिजे."