कानाशी धरलेली दाढ

पोतदारकाका दवाखान्याच्या खुर्चीत बसले होते, पण तोंड उघडायला तयार नव्हते. "आधी तुकडा दाखव."

डॉक्टरीणबाई हसल्या. काकांच्या दाढेच्या खड्ड्यात बसवायचा चिनी मातीचा तुकडा लॅबमधून आला होता, दाढेच्या प्लास्टरच्या साच्यात बसवूनच. तो साचा त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवला.

चाळीस वर्षं काकांनी गुजरीतल्या सराफी पेढीवर दागिन्यांत खडे बसवले होते. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला, आणि मुलाने त्यांची हत्यारं पेटीत भरून माळ्यावर टाकली. तेव्हापासून 'जेवलात का' यापलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

काकांनी साचा कानाशी नेला आणि हलकेच हलवला. खडा पक्का बसलाय का, ते आयुष्यभर असंच ऐकत आले होते.

टिक.

"हलतोय."

"कॉम्प्युटरवर मापलाय, काका. आणि राहिलीच फट, तर सिमेंटने भरून निघते."

"लाखेच्या भरवशावर खडा बसवायचा नसतो, पोरी."

बाईंनी साचा स्वतःच्या कानाशी धरला. हलवला. पुन्हा हलवला. मग तो लॅबला परत पाठवायच्या डब्यात ठेवून दिला.

काका उठायला लागले, तशा त्या कपाटाकडे वळल्या. उद्याच्या पेशंटांचे पाच साचे त्यांनी काकांपुढे आणून मांडले.

"एवढे ऐकून जाता का?"

काका पुन्हा खुर्चीत टेकले, बाह्या वर सारल्या.

"आधी तो पंखा बंद कर."