तिसऱ्या फेरीचं भाकीत

वस्ताद शत्रूच्या खोलीत स्टूल ओढून बसले. लढतीआधी समोरच्याच्या मुठींना पट्ट्या बांधताना आपला माणूस हजर हवा, आत काही कडक दडवलेलं नाही ना हे बघायला, असा हेवीवेट मुष्टियुद्धातला शिरस्ता. मुठी विजेत्याच्या होत्या. कित्येक वर्षांत त्याला कोणी हरवलं नव्हतं. आज त्याच्याशी भिडणार होता वस्तादांचा मुलगा.

निकालावरून जाणकारांत चांगलीच जुंपली होती. निम्मे विजेत्याचं नाव घेत होते, बाकीचे दोन दगडांवर पाय ठेवून होते. मुलगा मात्र छातीठोकपणे सांगत सुटला होता : तिसरी फेरी, माझा उजवा ठोसा, खेळ खलास. टीव्हीवर ते ऐकून वस्तादांनी कपाळाला हात लावला होता. पण बाप आतून सुखावलाही होता. आपल्याला जे जमलं नाही ते पोरगं करून दाखवणार, या आशेवर त्यांनी सारं आयुष्य काढलं होतं.

पट्ट्या बांधून झाल्या. तपासल्याची खूण म्हणून वस्तादांनी त्यांच्यावर सही केली. बांधणारा कात्री ठेवायला वळला, तसा त्याचा कोपर थेट विजेत्याच्या डाव्या डोळ्याशी आला. पापणी लवली नाही. वस्ताद चरकले. त्यांनी आळस दिल्यासारखा हात लांबवून त्या डोळ्यासमोर बोटं नाचवली. काहीच नाही. मुलाचा उजवा ठोसा नेमका त्याच बाजूने येणार होता.

"तुम्हाला या डोळ्याने दिसत नाही," वस्ताद म्हणाले.

बांधणाऱ्याने मान खाली घातली.

"एवढी एक लढत होऊ द्या, वस्ताद," विजेता हळूच म्हणाला. "मग सोडतोच आहे."

गप्प बसावं तर या माणसाच्या जिवावर बेतणार. तोंड उघडावं तर मुलाच्या तोंडचा घास जाणार. वस्ताद उठले आणि तडक लढतीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि लढत रद्द केली.

मग ते मुलाच्या खोलीत गेले. मुलगा आरशासमोर हवेत ठोसे हाणत होता.

"लढत रद्द झाली," वस्ताद म्हणाले. "मीच करायला लावली. त्याचा डावा डोळा गेलाय, बाळा. अशा माणसाला पाडून तुला तरी काय मिळालं असतं?"

आदळआपट होईल, शिव्याशाप होतील, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मुलगा मटकन बाकावर बसला.

"काय करून बसलात, बाबा," तो म्हणाला. "त्याचे दोन्ही डोळे धड असते, तर मी त्याला आव्हान दिलं असतं का?"