हॉटेल एथेन्समधली प्लेट

मुश्ताकने चौघांपुढे चार प्लेटा ठेवल्या आणि गीताबाईंनी नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

जेवताना त्या हाताकडे पाहायची त्यांना लग्नापासूनची सवय. चंदूभाऊ घरी फारसं बोलत नसत. एसटी स्टँडवर दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायच्या म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत माणसाचे शब्द संपायचेच. जेवण पसंत पडलं नाही, की त्यांची दोन बोटं ताटाच्या कडेला लागत आणि ताट पुढे जाई. कधी नुसतं पुढे, कधी भिंतीपर्यंत.

आज पंचाईत अशी, की समोर दीक्षा बसली होती. मुलाशी, अश्विनशी, लग्न होऊन तिला घरात जेमतेम आठवडा झालेला. हा आठवडा गीताबाईंनी युक्तीने काढला होता : सासरे आधी जेवणार, सून नंतर. पण हॉटेलात माणसं एकदमच जेवतात, त्याला इलाज नाही. पोरीने अजून काही पाहिलं नव्हतं. आजही पाहू नये, एवढंच गीताबाईंचं मागणं होतं.

हॉटेलचं नाव ‘एथेन्स’. महाड-पोलादपूर रस्त्याला, पंक्चरच्या दुकानाला लागून. मालक मुश्ताक मूळचा इथल्याच तुडील गावचा. एका ग्रीक जहाजाच्या भटारखान्यात उमेदीची वर्षं घालवून तो परत आला होता. अख्ख्या तालुक्यात ग्रीक म्हणावं असं एवढंच, आणि तेही तुडीलचं. औद्योगिक वसाहतीतले लोक इथे येत, मेनूकार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि चिकन हंडी मागवत. मुश्ताक खिन्न मनाने ती करून देई. आज अश्विनने मात्र हट्टाने ग्रीक मागवलं होतं.

“हे काय?” चंदूभाऊंनी विचारलं.

“मुसाका, भाऊ. खाली वांगी, मधी खिमा, वरती दुधाचा थर.”

“मटणावर दूध?”

“तिकडं खातात.”

“आणि अंगावर कोड नाय उठत?”

“गोरीच माणसं ती, भाऊ. उठलं तरी कुणाला दिसतंय?”

चंदूभाऊंनी एक घास घेतला. चावला. मग दोन बोटं प्लेटच्या कडेला लागली.

गीताबाईंनी डोळे मिटले, त्यामुळे पुढचं त्यांना नुसतं ऐकू आलं. घरी ताट जमिनीवर असतं आणि पुढे भिंत असते. इथे गुळगुळीत सनमायका होता आणि पुढे काहीच नव्हतं.

प्लेट चिनी मातीची होती. फुटली.

शेजारच्या टेबलावर हंडी खाणाऱ्यांचे हात थांबले. अश्विन पाण्याची बाटली उचलून तिच्यावरचा मजकूर वाचू लागला. दीक्षाने सासऱ्यांकडे पाहिलं, मग सासूकडे.

“ओपा!” मुश्ताक ओरडला.

टाळ्या वाजवत तो पुढे आला आणि त्याने चंदूभाऊंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “ग्रीसमध्ये जेवण मनापासून आवडलं की गिऱ्हाईक प्लेट फोडतं. पिरेअस बंदरात काचांचे ढीग बघितलेत मी. पण महाडात? हॉटेल काढल्यापासून वाट बघतोय, कदर करणारा एक माणूस भेटंल तर शपथ! अमिरुन्निसा, भाऊंना दुसरी प्लेट आण गो. मोठी!”

त्याची बायको आतून मोठी प्लेट घेऊन आली, शिगोशीग भरून. हंडीवाल्यांनीही हात न धुता टाळ्या वाजवल्या. चुकून भलत्याच गावात उतरावं आणि तिथे आपला सत्कार व्हावा, तसा चंदूभाऊंचा चेहरा झाला होता. मुश्ताकचा चेहरा मात्र सरळ. तो थट्टा करतोय की खरोखर हरखलाय, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

गीताबाईंनी डोळे उघडले होते.

“मुश्ताकभाई, आवडलं की फोडतात?”

“लय आवडलं तर, वहिनी.”

“म्हणजे लग्नापासून हे माझं कौतुकच करतायत म्हणायचं. मला मेलीला पत्ताच नाय.”

दीक्षाने ओढणी तोंडाला लावली. हसू आवरल्यावर ती हळूच म्हणाली, “आई, घरातल्या ताटांच्या कडा चेपलेल्या आहेत, ते मी पहिल्याच दिवशी बघितलं. मला वाटलं, जुनी झाली असतील.”

“जुनी कसली गो. स्टीलची हायत. फुटत नायत, पोचे पडतात.”

यावर कोणी हसलं नाही. चंदूभाऊ नव्या प्लेटकडे बघत राहिले. मुश्ताक हाताची घडी घालून समोर उभाच होता. हंडीवालेही टाळ्यांसाठी तयार होते. चंदूभाऊंनी एक घास घेतला आणि चावला. बोटं प्लेटच्या कडेला लागली. गीताबाईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत.

बोटं तिथेच राहिली.

“मुश्ताकभाई,” चंदूभाऊ म्हणाले. जेवताना तोंड उघडायची सवय नसल्यामुळे आवाज थेट स्टँडवरचाच लागला आणि पंक्चरच्या दुकानापर्यंत गेला. “जरा मीठ मिळेल काय?”

“तुमच्या हाताशीच हाय, भाऊ.”

चंदूभाऊंनी डबी उचलली, मीठ भुरभुरवलं आणि खाली मान घालून जेवू लागले. एक घास, दुसरा घास. प्लेट जागची हलली नाही.

गीताबाई बघतच राहिल्या. मग सुनेच्या कानाशी वाकल्या.

“मीठ!” त्या म्हणाल्या. “आणि मी इतकी वर्षं तिखट कमी करत आले गो.”