पाणी अजून तयार नाही

औषधाचे थेंब टाकल्यावर काचेच्या नळीतलं पाणी आजही हिरवंच झालं. जावयाने नळी खिडकीशी धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि मान हलवली.

"पाणी अजून तयार नाही, बाबा. पिवळं राहायला हवं. हिरवं म्हणजे आत विष आहे. मासा सोडला तर तडफडून मरेल."

"मग थांबू," ओबेद म्हणाला. "घाई कुणाला आहे?"

स्वयंपाकघरातून त्याची बायको पेनिना ओरडली, "घागरभर तर पाणी! एवढ्या वेळात माझा भात शिजतो, खाऊन होतो, भांडी घासून होतात. ह्यांचा समुद्र काही शिजत नाही!"

जावई हसला. ओबेदही हसला. त्याने जावयाला चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवायला गेला. जावयाचं नाव तो कधी घेत नसे. त्यांच्यात जावयाचं नाव घ्यायचं नसतं.

माशांची ही काचेची टाकी एनोकने, ओबेदच्या मुलाने, मांडली होती. शेवंडं पकडायच्या बोटीवर निघायच्या आदल्या दिवशी. वाळू धुऊन घातली, समुद्रातले दोन दगड एकमेकांना टेकवून ठेवले, पाण्यात मीठ कालवलं, छोटा पंप सुरू केला. मग म्हाताऱ्याला समोर बसवून बजावलं, "आता हात लावू नका, बाबा. दगड मेलेला दिसतो, पण त्यात जीव आहे. तोच पाणी हळूहळू राहण्याजोगं करतो. पाणी आटलं तर गोडं पाणी घाला, खारं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. आणि मासे मी आणणार. नारिंगी जोडी. मी येईपर्यंत कुणी मासा सोडायचा नाही."

"तू यायच्या आधीच पाणी तयार झालं तर?"

"तर बसा बघत. नाहीतरी तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

त्यानंतर बोट सामुद्रधुनीत उलटी तरंगताना सापडली. एनोक सापडला नाही. शोधाची विमानं फिरत होती, मग एकच फिरू लागलं, मग पोलिसांच्या लाँचवरच काम राहिलं.

केर्न्स शहराच्या ह्या गल्लीत सामुद्रधुनीतल्या बेटांवरून आलेली बरीच घरं होती. वस्ती बदलली तरी रीत बदलली नव्हती. मरणाची बातमी रक्ताचं माणूस आणत नाही. गेलेल्याच्या बहिणीचा नवरा आणतो. तोच दारात उभा राहतो, तोच सांगतो, पुढचं सगळं तोच खांद्यावर घेतो. त्याने सांगेपर्यंत घरात कुणी रडायचं नसतं.

म्हणून जावयाची गाडी फाटकाशी थांबली की ओबेद हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहायचा. मग जावयाच्या हातात पाणी तपासायची निळी डबी दिसायची.

"पाणी बघायला आलात ना?" ओबेद दारातूनच विचारायचा.

"हो बाबा, पाणी बघायला."

"मग या. बसा."

मध्ये एकदा नळीतलं पाणी जवळजवळ पिवळं राहिलं. "आता झालंच म्हणायचं," जावई म्हणाला. त्या दिवशी ओबेद जेवला नाही. पाणी तयार झालं की निळ्या डबीचं काम संपणार होतं. मग जावयाला ह्या दारात यायला एकच कारण उरणार होतं.

पुढच्या खेपेला पाणी पुन्हा गर्द हिरवं झालं.

"काल मी कोळंबी सोलून ठेवली होती," पेनिना एका सकाळी म्हणाली. "त्यातली एक कमी कशी?"

"मांजराने नेली असेल."

"कुणाच्या मांजराने? येऊन फ्रिज उघडला, बंद केला, आणि एकच घेतली? मोठं शहाणं मांजर आहे."

ओबेद उठला. तो टाकीसमोर जाऊन बसला. पंप बुडबुडत होता. पाण्याला किंचित कुजका वास येत होता.

मग एका दुपारी, यायचा दिवस नसताना, जावई आला. इस्त्रीचा शर्ट. टोपी हातात. त्याचे दोन भाऊ फाटकाबाहेरच थांबले होते.

"पाणी बघायला आलात ना?" ओबेदने विचारलं.

जावई दारातच उभा राहिला.

"डबी गाडीत राहिली वाटतं. जाऊन आणा. मी चहा टाकतो."

जावई आत आला. त्याने टोपी खुर्चीवर ठेवली, बाही कोपराच्या वर दुमडली आणि हात टाकीत घातला. शोधावं लागलं नाही. हात सरळ मागच्या दगडाच्या आडोशाला गेला. त्याने सोललेली, फुगून पांढरी पडलेली कोळंबी बाहेर काढली आणि आपल्या रुमालावर ठेवली.

पेनिना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने कोळंबीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या टोपीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"पहिली टाकलीत तेव्हाच मला दिसली होती, बाबा," जावई म्हणाला. "मी राहू दिली."

"मग आजही राहू द्या."

जावयाच्या बोटांवरून पाणी गळत होतं.

"आज मी पाणी बघायला आलेलो नाही."