होडीचं नाक

होडीचं नाक वर उचललं होतं, म्हणून धाकूने मागचा नांगर काठावर उतरवून ठेवला. दोन माणसांची चिंचोळी होडी. पुढे बसून बायको जाळं सोडणार, मागे तो वल्हं मारणार. पुढचं-मागचं वजन सारखं नसलं की ती वळायला ऐकत नसे.

“मागे सामान फार झालंय गो,” तो म्हणाला. पुढच्या फळीवर बसलेली मथुरा नुसती हसली.

महिन्याभराने नाक पुन्हा उचललं. त्याने बर्फाची पेटी घरी ठेवली. गणपतीनंतर जास्तीचं जाळंही ठेवलं. होडी आता सुळकन पळायची. “इतकी वर्षं उगाच ओझं वाहिलं बघ,” तो खुशीत म्हणायचा.

दिवाळीच्या तोंडावर जाळं ओढता ओढता मथुरा कोसळली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, जुना कागद काढला आणि ते धाकूवर उखडले. “वर्षात सोळा किलो उतरलेत. आजार हाताबाहेर गेलाय. डोळ्यांसमोर माणूस वाळत गेलं, तुम्हाला दिसलं नाही? कधीपासून चाललंय हे?”

धाकू काट्याच्या सुईकडे बघत राहिला.

“आधी नांगर,” तो म्हणाला, “मग बर्फाची पेटी. मग जाळं.”