उरलेल्या दोन गोळ्या

परवा आणलेल्या दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये सहा उरायला हव्या होत्या. दोन होत्या. सुनेने औषधांचा डबा उपडा केला, उशीखाली हात घालून पाहिला.

"मीच घेतल्या," सासूबाई म्हणाल्या. "फार ठणकत होतं गं."

खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. एक सकाळी, एक रात्री, त्यापलीकडे नाही. आणि घरातल्या दुसऱ्या कुणी तर हात लावायचा नाही, गुंगी येते, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. चार जास्तीच्या घेतल्या असत्या तर बाई गाढ झोपायला हवी. सासूबाई टक्क जाग्या होत्या. कपाळावर घाम होता आणि चादरीचं टोक चावून चावून ओलं झालं होतं.

सुनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नवरा आरशासमोर गणवेश चढवत होता. महिनाभर कंबर धरून चालणारा हा माणूस दोन दिवस एकदाही कण्हला नव्हता. काल शाळेच्या फाटकाला बस घासली, तर म्हणे खांबच आडवा आला.

"अहो, आईंच्या गोळ्या तुम्ही घेता का?"

"मी कशाला घेऊ?" त्याने जांभई दिली. शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. तो बाहेर जाऊन बस सुरू करून आला आणि तोंडावर पाणी मारायला न्हाणीघरात शिरला. बसच्या घरघरीने खिडकीची तावदानं थरथरू लागली.

सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं. "त्याला बोलू नकोस. मीच देते. दिवसभर स्टिअरिंग धरून त्याच्या कंबरेचा काटा ढिला होतो. माझं काय, मला नुसतं पडून राहायचंय."

सून बाहेर धावली. घाबरलीच होती ती. तिची लेक रोजच्यासारखी बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

"उतर. आज आपण चालत जाऊ."

"बस आहे की."

"उतर म्हणते ना."

मुलगी दप्तर घेऊन उतरली. पाण्याची बाटली शेजारच्या सीटवरच राहिली.

"बाटली घे."

"राहू दे, आई. माझी मैत्रीण पुढच्या कोपऱ्यावर चढते. तिची जागा धरून ठेवलीय."

सुनेने बाटलीकडे पाहिलं. मग ती बसमध्ये चढली आणि किल्ली फिरवून काढून घेतली.

इंजिन थांबलं, तेव्हा कुठे खिडकीतून सासूबाईंचं कण्हणं ऐकू आलं.