फीत बांधलेली बोट

"बोट ओली कशी?" सरपंचांनी विचारलं. आमदारसाहेब तासाभरात उद्घाटनाला येणार होते आणि लाल फीत बांधलेल्या रबरी बोटीतून पाणी ठिबकत होतं.

गेल्या श्रावणात ओढा अर्ध्या तासात गावात शिरला, तेव्हा हौसाक्का सुनेला घेऊन चिंचेवर चढली. शेजारणीला चढता आलं नाही. तिचा आवाज येत होता तोवर आक्का ओ देत राहिली. शासनाने लगोलग बोट पाठवली. फीत बांधलेली बोट मग साहेबांच्या तारखेची वाट पाहत पंचायतीच्या शेडमध्ये पडून राहिली. आता पुन्हा आभाळ भरून आलं होतं.

"आम्हीच रोज पहाटं तळ्यावर नेतोय," हौसाक्का म्हणाली. तिच्यामागे उभ्या बायकांच्या लुगड्यांचे काठही ओलेच होते. "वल्हवायला शिकलो."

"अगं, आणि फीत?"

"कापली न्हाई वो. गाठ सोडायची, परत बांधायची. कापायचा मान साहेबांचाच."

"उद्घाटनाआधी वापरली हे साहेबांना कळलं तर?"

"कळू दे की. म्हणावं, वढ्यानं कुठं मुहूर्त बघितलाता?"

सरपंचांनी बोट स्वतःच्या उपरण्याने पुसली.

फीत कापली गेली, नारळ फुटला. साहेबांना तळ्यात, बोटीत बसून फोटो हवा होता. "वल्हवता कुणाला येतं?" त्यांनी विचारलं. सरपंच चपला न्याहाळू लागले.

हौसाक्काने पदर खोचला. "बसा साहेब. पण आधी बोटीतलं ते तरंगायचं जाकीट घाला. त्याबिगर आम्ही कुणाला बसू देत न्हाई."